दोन रबरांचा टायर

आमच्या मोटारसायकलला वर्षातले दोन-तीन रविवार शर्यतीत पळावं लागे आणि उरलेले सगळे दिवस परळ-लालबागच्या रस्त्यांवर. टायरची जोडी मात्र एकच. शर्यतीला टायर कुठला आणि रस्त्याला कुठला, हा विचार ज्यांच्याकडे दोन-दोन गाड्या होत्या त्यांनी करावा. आम्हाला दोन्हीला चालेल असा एकच टायर निवडायचा होता.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मित्र. मी तेव्हा परळच्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होतो, वय सव्वीस. तो भायखळ्याला, झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवण्याच्या कारखान्यात होता. ओळख तांत्रिक शाळेतली. आमच्या चाळीपासून त्याची चाळ पाच मिनिटांवर होती, मधे फक्त एक गल्ली. आमची चाळ कोकणातल्या मराठ्यांची. ती गल्ली ओलांडून आमच्यातलं कुणी सहसा पलीकडच्या महारांच्या चाळीत जात नसे. मी जायचो, त्याच्या आईच्या हातचं जेवायचो, आणि आपण असे जातो याचा मला थोडा अभिमानही होता.

गाडी लष्कराच्या लिलावातून सुटलेली होती, साडेतीनशे सीसीची, इंग्लिश. आम्ही दोघांनी मिळून घेतली. तिच्यावरचा लष्करी हिरवा रंग खरवडायला आम्हाला दिवाळीची सगळी सुट्टी लागली. जुहूच्या विमानाच्या धावपट्टीवर तेव्हा थंडीत मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यती होत. मलबार हिलची मुलं विलायती गाड्या घेऊन येत, आणि आमच्यासारखे चार-पाच मिस्त्रीही. वाहनावर लादून गाडी न्यायची आमची ऐपत नव्हती. तिच्यावरच बसून माहीममार्गे जुहूला जायचं, तिथे दिवे काढायचे, चाकांतली थोडी हवा सोडायची, शर्यत पळायची, हवा परत भरायची आणि तिच्यावरच घरी यायचं. सोमवारी सकाळी तीच गाडी गिरणीच्या दारात.

धावपट्टी सिमेंटची होती. दोन लांब सरळ भाग आणि टोकांना रिकामी पिंपं ठेवून आखलेली वळणं. सगळी वळणं डाव्या हाताची. पहिल्या वर्षी आम्ही बाजारातले साधे टायर लावून गेलो. रबर कडक, वीस हजार मैल सहज चालतील असे. ते टिकले खरे, पण वळणावर धरत नव्हते. मागचं चाक बाहेर सरकायचं आणि मी पाय खाली टाकायचो.

त्या दिवशी मित्रानं टायरवर मधून कडेपर्यंत खडूच्या रेघा मारल्या होत्या. शर्यतीनंतर त्यानं त्या मला दाखवल्या. मधला खडू पुसला गेला होता, डाव्या कडेचा बराचसा पुसला होता, उजव्या कडेचा जसाच्या तसा.

"बघ," तो म्हणाला, "सरळ रस्त्यावर मधलं रबर चालतं, वळणावर कडेचं. दोन्हीकडे एकच रबर कशाला हवं?"

"मग काय दोन टायर चिकटवणार एकाला एक?"

"टायर एकच. रबर दोन. मधे ट्रकचं कडक, बाजूंना मऊ. मी चढवतो. मालकांना विचारलंय, शनिवारी दुपारी साचा रिकामा असतो."

मी हसलो. असं कुणी केलेलं मी ऐकलं नव्हतं. विलायतेत करत असते तर आपल्याला कळलं नसतं का, असं मी म्हणालो. तो म्हणाला, "नसतील करत." तेवढ्यावर विषय थांबला.

गिरगावात एक डॉक्टर होते. तिथल्याच एका गल्लीत त्यांचा दवाखाना होता आणि त्याच्या तळमजल्यावर शर्यतीची मोटारसायकल. दर मोसमाला ते परदेशातून टायर मागवत आणि अर्धे झिजले की काढून टाकत. त्यांच्या गाडीचा एक दांडा मी वर्कशॉपमध्ये नीट करून दिला होता, म्हणून त्यांनी मला बोलावून जुनी जोडी दिली. खास शर्यतीचे टायर. बोट दाबलं तर रबरावर नखाची खूण उमटायची. नक्षी आधीच उथळ, त्यात अर्धी गेलेली.

"कोरड्या जमिनीवर याच्यासारखा दुसरा नाही," डॉक्टर म्हणाले. "ओल्यावर मात्र जपा. रस्त्याला शक्यतो लावूच नका."

मी होय म्हणालो आणि ते घरी घेऊन आलो. आईनं पाहिलं. "ह्या काय हाडलंस रे? जुनेच मा?" मी म्हणालो, जुने असले तरी विलायती आहेत. मित्रानं टायर हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिले, आतून हात घालून कापड तपासलं.

"चांगले आहेत," तो म्हणाला. "पण आपल्याला रस्त्यावरही जायचंय."

"जाऊ की जपून."

त्यानं स्वतः ते चढवून दिले. तो वाद घालणारा माणूस नव्हता.

पुढच्या थंडीतली शर्यत चांगली झाली. प्राथमिक फेरीत मी तिसरा आलो. अंतिम फेरीत मित्र बसला आणि पाचवा आला. आमच्या पुढचे चारही जण महागड्या गाड्यांवर होते. वळणावर गाडी इतकी वाकली की पाय ठेवायची पट्टी सिमेंटला घासून ठिणग्या उडाल्या. मी खूष होतो, माझी निवड बरोबर ठरली होती. परत येताना माहीमजवळ चहाला थांबलो तेव्हा त्यानं मागच्या चाकाकडे बोट केलं. नुसत्या येण्याजाण्यानं मधला भाग झिजून सपाट होत चालला होता. "शर्यतीनं नाही झिजला, रस्त्यानं झिजला," तो म्हणाला. मी ऐकून सोडून दिलं. टायर बदलून ठेवायचे होते, पण रोज उद्यावर गेलं.

मग महिनाभरात मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याची घोषणा झाली आणि गिरणगाव रस्त्यावर आलं. गिरण्या बंद, ट्रामही बंद. पोलीस गोळ्या झाडत होते. चळवळीची पत्रकं गिरगावातल्या एका छापखान्यात छापत आणि ती लालबाग, परळ, दादरला पोचवायला माणसं हवी होती. आमच्याकडे मोटारसायकल होती. आमच्या चाळीतल्या एका कार्यकर्त्यानं विचारलं, आम्ही हो म्हणालो. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला चळवळीपेक्षा मोकळ्या रस्त्यांचं आकर्षण जास्त होतं. गिरगावापासून लालबागपर्यंत एकही ट्राम नाही, मोटार नाही. एवढ्या वेगानं त्या रस्त्यावरून त्याआधी कुणी गेलं नसेल. तो मागे बसायचा, दोन्ही खांद्यांना पत्रकांच्या पिशव्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भायखळ्याच्या पुलावरून उतरलो आणि लालबागच्या नाक्याकडे निघालो. तिथे थोड्या वेळापूर्वी अश्रुधूर सोडला होता. नळकांडी विझवायला चाळीतल्या बायकांनी गॅलऱ्यांमधून बादल्या-बादल्या पाणी ओतलं होतं. रस्ता ओला आहे हे मला दिसलं. समोर कुणीतरी लोखंडी खांब आडवा टाकला होता, तोही दिसला. खांब चुकवायला मी गाडी उजवीकडे वळवली आणि पुढचं चाक तिरकं होऊन ट्रामच्या ओल्या रुळावर गेलं.

धरलं नाही. पुढे सांगण्यासारखं काही नाही, दोघंही पडलो. मी घसरत फुटपाथपर्यंत गेलो, गुडघा सोलला. तो उजव्या हातावर पडला आणि गाडी त्याच्या हातावर.

पिशव्या फुटून पत्रकं सगळीकडे पसरली. पोलिसांची गाडी नाक्याच्या पलीकडेच उभी होती. आम्ही उठायच्या आत चाळीतून सात-आठ बायका खाली आल्या आणि पत्रकं वेचायला लागल्या, भाजी वेचावी तशी. पदरात घालून दोन मिनिटांत वर निघून गेल्या. एकीनं सगळा गठ्ठा तांदळाच्या डब्यात खाली दडवला, असं मागाहून कळलं. हवालदार आला तेव्हा रस्त्यावर आम्ही दोघं आणि मोटारसायकल एवढंच होतं. त्यानं आमच्याकडे पाहिलं, रुळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "टायर बघा तुमचे. टक्कल पडलंय."

दोन गिरणी कामगारांनी मित्राला हातगाडीवर घालून इस्पितळात नेलं. मनगटाची दोन हाडं मोडली होती. कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. मी संध्याकाळी भेटायला गेलो. त्याची आई खाटेशी बसली होती. तिनं माझ्या गुडघ्याचं विचारलं, चहा आणायला म्हणून उठली आणि आम्हाला एकटं सोडलं.

मी म्हणालो, "चूक माझी. डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"हो."

"तुझे बनवून लावायला हवे होते."

 तो म्हणाला, आणि आवाज अजिबात चढवला नाही, "माझ्या हातचं पाणी पितोस रे तू. टायर नाही चालला."

मी म्हणालो, तसं काही नाही, विलायती होते म्हणून लावले. तो म्हणाला, "असेल."  त्याची आई चहा घेऊन आली.

त्यानंतर बरेच दिवस मी त्या वाक्याशी भांडत होतो. दोन्ही टायर शेजारी ठेवून मी कधी तपासले नव्हते, हे खरं होतं. त्याचा तर बनलाही नव्हता, त्याआधीच मी हसलो होतो. डॉक्टरांचे हातात आले तेव्हा मात्र एक प्रश्न विचारला नव्हता. मी टर्नर होतो. कुठलीही वस्तू मोजल्याशिवाय मी यंत्राला लावत नसे.

प्लास्टर सुटल्यावर मी भायखळ्याला त्याच्या कारखान्यात गेलो. म्हणालो, "शनिवारी साचा रिकामा असतो का अजून?"

"असतो."

"मग करू या."

"करू या नाही. मी करणार, तू उचल-ठेव कर. माझं मनगट वळत नाही."

तसंच झालं. आमचेच जुने, बाजारातले दोन टायर घेतले, कापड शाबूत असलेले. वरचं रबर खरवडलं. मधे कडक पट्टी बसवली, दोन्ही कडांना मऊ. तो बोटानं दाखवायचा, मी कापायचो. साच्यात वाफेवर किती वेळ ठेवायचं यावर त्याचं आणि मुकादमाचं मत जुळेना. कडक रबराला जास्त वेळ लागतो, मऊ तेवढ्यात जळतं. शेवटी मधला वेळ धरला. रस्त्यासाठी त्यानं मधे खोल आडव्या खाचा ठेवल्या. "पाण्याला जायला वाट पाहिजे," तो म्हणाला.

सहा महिने आम्ही ते टायर नुसते रस्त्यावर चालवले. मी मुद्दाम लालबागच्या रुळांवर रस्ता ओला असताना तिरकी गाडी घालून पाहिली, आधी हळू, मग जरा जोरात. चाक हलायचं, पण सुटत नव्हतं. दर रविवारी तो खडूच्या रेघा मारायचा आणि वहीत काहीतरी लिहायचा.

त्या वर्षी दसऱ्याला त्याच्या घरचे सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. परत आल्यावर त्यानं मला सांगितलं, त्याच्या आईनं घरातले देव काढले. मी विचारलं, प्रवास कसा झाला. तो हसला. "उभ्यानं," म्हणाला.

थंडीत आम्ही पुन्हा जुहूला गेलो. त्याचं मनगट रस्त्यापुरतं ठीक होतं, शर्यतीत मूठ पिळण्याइतकं नव्हतं, म्हणून दोन्ही फेऱ्या मीच पळायच्या असं ठरलं. तपासणीला उभ्या असलेल्या गृहस्थांनी टायरच्या कडेवर नाव शोधलं. खरवडताना ते गेलं होतं. त्यांनी दोन रबरांमधल्या सांध्यावरून नख फिरवलं, मान हलवली आणि खडूनं फुली न मारता सोडून दिलं.

प्राथमिक फेरीत पुन्हा तिसरा. अंतिम फेरीत सहाव्या चक्करला मी चौथा होतो आणि पुढच्याला गाठत होतो. डाव्या वळणावर मागचं चाक किंचित थरथरायला लागलं. मी वेग थोडा कमी केला. चौथाच आलो.

गाडी थांबवली तेव्हा तो आधीच चाकाशी बसला होता. डाव्या कडेला सांधा बोटभर उकलला होता. मला वाटलं, तो निराश होईल. तो वाकून, नाक जवळजवळ टायरला लावून बघत होता.

"वास घे," तो म्हणाला. "कच्चं राहिलंय. वाफ कमी पडली. मुकादमाला मी सांगत होतो."

"आणखी एक चक्कर असती तर मी उडालो असतो रे."

"असता," तो म्हणाला. "पण बाकी सगळीकडे धरलंय बघ. फक्त इथे." त्याला चौथ्या नंबराशी काही कर्तव्य नव्हतं. तेवढा आनंदी मी त्याला त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही क्वचितच.

पुढच्या जोडीला त्यानं वाफ दोनदा दिली. आधी मधल्या पट्टीला, मग कडांना. ती उकलली नाही. त्या जोडीवर आम्ही आणखी दोन मोसम पळालो, एकदा दुसरे आलो. डॉक्टरही एकदा भायखळ्याला येऊन बघून गेले आणि स्वतःच्या गाडीसाठी बनवून देशील का म्हणून त्याला विचारलं. त्यानं दिली बनवून.

मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या सुमारास त्यानं कारखाना सोडला आणि ठाण्याला स्वतःचा साचा टाकला. ट्रकच्या टायरचं काम इतकं यायचं की शर्यतीसाठी रविवार उरेना. माझंही लग्न ठरलं. आम्ही मोटारसायकल विकायची ठरवली. अलिबागकडचा एक मासळीचा व्यापारी घ्यायला आला. त्यानं इंजिन चालू करून ऐकलं, चाकं फिरवली, खाली बसून टायर निरखले.

"कंपनी कुठली?" त्यानं विचारलं. "नाव दिसत नाही."

मी माझ्या मित्राकडे बोट केलं. व्यापाऱ्यानं त्याच्याकडे वळून विचारलं, असे आणखी मिळतील का. तो खिशातून कागद काढून ठाण्याचा पत्ता लिहून देऊ लागला.