पालथ्या गलबताखालचं गाऱ्हाणं

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की मला हमखास जांभई येते. घरचे त्यावरून चिडवतातही. तरी हे लिहितेय, कारण मी एकटीने नाही, माझ्या नवऱ्यानेही ते ऐकलंय… आणि सुहास तर माझ्याहून पक्का नास्तिक.

माझं माहेर पूर्णगड. बाबा लाकडी होड्या बांधतात आणि त्यांनीच बांधलेल्या होडीवर धाकटा भाऊ संतोष मासेमारीला जातो. सुहास मालवाहू जहाजावर इंजिनिअर. गेल्या वर्षी त्याच्याबरोबर मीही जहाजावर होते. व्हेनिसजवळच्या बंदरात लागलो आणि बाबांचा फोन आला — संतोषची होडी परतलेली नाही, फोनही लागत नाही.

मी केबिनमध्ये नुसती रडत बसले. शेवटी सुहासने मला ओढून शहरात नेलं. फिरताना एका जुन्या चर्चमध्ये शिरलो. मध्ययुगात तिथे प्रत्येक धंद्याचा आपापला संघ असायचा. हे चर्च जहाजं बांधणाऱ्या सुतारांच्या संघाचं, असं पाटीवर होतं. आत जाऊन मान वर केली आणि माझं रडणंच थांबलं. छत म्हणजे एक अख्खं गलबत, पालथं घातलेलं! वाकवलेल्या फळ्या, सांध्याला भिडलेला सांधा… मी सुताराची मुलगी, मला हात जोडावेसेच वाटले.

प्रार्थना तर कुठली येत नव्हती. मग आपण ग्रामदेवतेला घालतो तसं गाऱ्हाणंच घातलं, हळू आवाजात. "बा देवा महाराजा, माजा भाव दर्यात अडाकलाय…"

सुहास सवयीने पुटपुटला, "व्हय महाराजा."

आणि वरून आवाज आला. टक्… टक्… टक्…

होडीत पाणी शिरू नये म्हणून फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकून भरताना लाकडी मोगरीचा येतो ना, तोच. लहानपणापासून ऐकलाय, माझी चूक होणं शक्य नाही. "सुतारांनो, तुमी गलबतं बांधलाव, माज्या भावाच्या होडीचा सांधा सांबाळा," मी म्हटलं. मी थांबले की ठोके, बोलले की शांतता. चर्चच्या राखणदार बाईनेही वर पाहिलं. वर जायला वाटच नाही, असं तिने खुणेने सांगितलं आणि छातीवर क्रूस काढला.

संध्याकाळी फोन आला. हर्णेच्या एका बोटीने संतोषला ओढून आणलं होतं. "ताय, इंजिन बंद, खालून पानी येत व्हतं. उपसून उपसून हात गेले… आनि एकदम थांबलं गो! आपोआप!"

होडी वाळूवर ओढल्यावर बाबांनी तो सांधा पाहिला. आमच्याकडे कापूस भरतात. या सांध्यात होते तागासारखे तपकिरी धागे, काळ्या डांबरात भिजवलेले, अगदी ताजे. होडीवर असलं काही नव्हतंच. व्हेनिसकडचे जुने कारागीर सांधे असेच भरायचे, हे सुहासने नंतर शोधून काढलं.

बाबा बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिले. "माजं काम नाय ह्ये," ते म्हणाले. "पन हात चांगला हाय. मी नाय काढनार." होडी अजून त्याच सांध्यावर दर्यात जाते.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. सुहासकडेही नाही, आणि त्याचा त्याला जाम राग येतो.

जहाजावरून परतल्यावर मी बाबांना चर्चमधलं सगळं सांगितलं होतं. नारळी पौर्णिमेला ते नारळ घेऊन पाण्यात उतरले आणि मागे वळून मला विचारलं, "त्या सुतारांची नावं काय गो?"

मला एकही सांगता येईना.  मग "आमच्या भावकीतल्यांनो" म्हणत बाबांनी नारळ दर्यात सोडला.