टोपीवालीचा सिनेमा आणि माझं लायसन्स

अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनोतल्या त्या काकू माझ्याहून पंचवीसेक वर्षांनी मोठ्या. रिटायर्ड डॉक्टर, एकट्या राहणाऱ्या. तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका म्हणायच्या, "फार फटकळ बाई." मी पुण्याहून नवऱ्यामागे डिपेंडंट व्हिसावर आलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. आमचं जमेल असं कुणालाच वाटलं नसतं. पण २००८मध्ये, उन्हाळा सुरू होण्याआधी, काकू मला गाडी शिकवत होत्या, आणि धडा संपला की दुपारच्या शोला नेत होत्या.

त्यातला एक सिनेमा अजून डोळ्यांपुढे आहे. जुन्या काळचं लंडन, टोप्या शिवणारी एक खडूस बाई आणि स्वतःच्याच लग्नातून पळालेली एक श्रीमंत, उधळी पोरगी. गैरसमज, नाचगाणी, शेवटी दोघींना एकेक नवरा. काकू पर्समधला चिवडा खात खदाखदा हसत होत्या. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून पाहिलं, तर त्यांनाही मूठभर दिला.

बाहेर येताना म्हणाल्या, "नवरे कुठलेही चालले असते गं. खरी जोडी त्या दोघींची."

"मग शेवटी वेगळ्या का झाल्या?"

"सिनेमा संपवायचा असतो ना, बाई!"

मी हसले. त्याच आठवड्यात माझी टेस्ट होती. लायसन्स मिळालं की धडे बंद, आणि धडे बंद की या दुपारीही गेल्या.

टेस्टमध्ये पार्किंग करताना आरशात खांब स्वच्छ दिसत होता. मी ब्रेक लावला नाही. नापास. नवरा बिचारा "होतं गं असं" म्हणत समजूत घालत राहिला. त्याला खरं कधीच सांगितलं नाही.

काकूंनी मात्र गाडीत बसताच विचारलं, "मुद्दाम केलंस ना?"

त्या किल्ली हातात धरून बसून राहिल्या.

"अगं वेडे, मला हायवेवरच्या पाट्या दिसेनाशा झाल्यात. आज कशी आले ते माझं मला ठाऊक. म्हटलं, तू पास झालीस की तू चालवायचंस, मी चिवडा सांभाळायचा. मुलगा त्याच्याकडे चल म्हणतोय, त्यालाही सांगून टाकलं होतं, माझी इथेच सोय झालीय म्हणून."

मी नापास झाले म्हटल्यावर मुलगा थांबला नाही. त्यांना दूर नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला घेऊन गेला. त्यानंतर मी टेस्ट पास झाले.

फोनवर त्यांनी विचारलं, "मग, आता कुणाला फिरवतेस?"

"कुणालाच नाही, काकू."

खरं सांगते, देश सोडून आले तेव्हा आईसाठीसुद्धा मी इतकी झुरले नव्हते.