लेओंतीनचा वळसा

प्रवासी जहाज धक्क्याला लागते त्या दिवशी फ्रेंच अमलातल्या आमच्या बेटावरच्या नूमेआ शहराची उंची बदलते. एरवी टेकडीवरचे कॅथीड्रल सर्वांत उंच. जहाज आले की त्याचे दोन्ही मनोरे त्या पांढऱ्या मजल्यांपुढे खुजे दिसू लागतात. त्या दिवशी धक्क्यावर बायका छोटी युकुलेले वाजवत गातात, चिनी दुकानदार टोप्यांचा ढीग बाहेर मांडतात आणि लेओंतीन वानापो आपला फुलाफुलांचा पायघोळ मिशन-झगा इस्त्री करून सकाळीच हजर होते. पाहुण्यांना शहर हिंडवून आणण्याचे काम बायकांच्या संघाने तिच्याकडे सोपवले, त्याला आता बरीच वर्षे झाली. तिचे इंग्रजी तुटके आहे, परंतु ते कानाला खटकत नाही. कारण ज्या गोष्टीसाठी तिच्यापाशी शब्द नसतो ती गोष्ट ती सरळ हाताने दाखवते.

तिचा मार्ग ठरलेला: धक्का, बाजार, कैद्यांच्या हातांनी भर घालून उभारलेले खालचे शहर, नारळींचा चौक, कारंजे आणि शेवटी कॅथीड्रलच्या पायऱ्या. या मार्गात एक वळसा होता, आणि त्याचा उलगडा कोणालाही झालेला नव्हता. चौकाच्या वरच्या अंगाला, गुलमोहरांच्या सावलीत, निवृत्त पुरुष लोखंडी गोळ्यांचा पेताँक खेळतात. फोटोसाठी त्याहून चांगली जागा चौकात नाही. तरीही लेओंतीन औषधाच्या दुकानापाशी आली की झटकन डावीकडे वळे आणि घामाघूम पाहुण्यांची रांग उन्हातून, मागच्या गल्लीतून कारंज्याकडे नेई.

संघाची प्रमुख ओदील ही याच मोठ्या बेटावरच्या कनाला गावची. लहान बेटांवरून आलेल्या बायकांची थट्टा करणे हा आपला हक्क आहे, अशी तिची समजूत. ती सर्वांदेखत विचारी, "काय गं, त्या गोळेवाल्यांतला कोण तुझा जुना यार आहे? नाव तरी सांग, आम्ही लांबून बघून घेतो."

"तुझा नवराही तिथंच खेळतो, ओदील. कसं सांगू?" असे उत्तर देऊन लेओंतीन सुटका करून घेई. सगळ्या हसत, आणि विषय तिथेच राही.

खरे कारण सांगण्याजोगे नव्हते, कारण ते फार साधे होते. आमच्याकडे दुसऱ्याच्या भूमीवर कोणी असेच शिरत नाही. हातात कापडाचा तुकडा, थोडा तंबाखू, एखादी नोट घ्यायची; मान खाली घालून आपण कोण, कुठले, कशासाठी आलो हे सांगायचे; त्या भूमीचा माणूस कापडाला हात लावून चार शब्द बोलला, म्हणजे आत आलो. याला आम्ही नुसते 'रीत' म्हणतो. लेओंतीन लिफू बेटावरच्या जोकिन गावची. कोवळ्या वयात ती या शहरात घरकामासाठी आली, तेव्हा आईने रीतीचे कापड बरोबर दिले होते. पण धक्क्यावर तिला घ्यायला मालकिणीची मोटार आली होती. मोटार थेट वरच्या वस्तीतल्या स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली. तिथे कापड कोणापुढे धरायचे? मालकिणीची भूमी ही नव्हे, हे त्या वयातही तिला कळत होते. उद्या विचारू, रविवारी विचारू, असे करता करता लग्न झाले, पहिला मुलगा झाला आणि ते कापड त्याला गुंडाळण्यात विरून गेले. पुढे नवराही गेला. निकेलच्या भट्टीचा धूर बघत मुले मोठी झाली. जितका उशीर होत गेला, तितके विचारणे अवघड झाले.

आणि ज्याला विचारायचे तो माणूस त्या गुलमोहराखाली बसलेला असे. बाप्तिस्त त्याचे नाव. शहर वसण्याआधीपासून ज्या कुळाची ही भूमी, त्यातला तो वडीलधारा. सगळे त्याला 'तोंतों' म्हणत. तोंतों म्हणजे काका.

त्या दिवशीचे जहाज ब्रिस्बेनहून आले होते. मंडळी उतरली, कोणी समुद्रकिनाऱ्याच्या बसकडे गेली, कोणी लेओंतीनभोवती जमली. एक वयस्क बाई मात्र धक्क्याच्या टोकाशी, जिथे शिडी संपते तिथेच थांबून राहिली. सावळी, ठेंगणी, डोक्यावर गवती टोपी. तिच्याबरोबरच्या बायका पुढे निघून गेल्या होत्या.

"चला ना," लेओंतीनने हात केला. "ऊन चढेल."

"येते," ती बाई म्हणाली. "पण आधी विचारायचंय. कुणाला विचारू? मी नोरीन. वरच्या क्वीन्सलँडची. आमची माणसं तिथली, अगदी पहिल्यापासूनची. आमच्याकडे न विचारता कुणी आलं तर आजी म्हणायची, वाऱ्यासारखा आला, वाऱ्यासारखा जाईल. मला तसं यायचं नाही."

असे म्हणून तिने पिशवीतून एक घडी केलेले कापड काढले. तिच्या गावच्या बायकांनी छापलेले, कासवांच्या नक्षीचे. तिने मान खाली घातली आणि कापड दोन्ही हातांवर पुढे धरले.

रीत जगाच्या त्या टोकालाही अशीच असेल, हे लेओंतीनला ठाऊक नव्हते. परंतु समोर कापड धरलेले दिसले की आमचे हात विचार करण्याआधी पुढे होतात. तिने कापड घेतले. मानही खाली घातली. तोंडातून "ओलेती" हा लिफूचा आभाराचा शब्दही निघून गेला.

मग तिला कळले की आपण काय केले.

ओदीलला ते तिच्या आधी कळले होते. युकुलेले काखेत मारून ती जवळ आली आणि दबल्या आवाजात फ्रेंचमध्ये फणकारली, "घेतलंसच कसं तू? ही जमीन तुझ्या बापाची?"

"हात पुढे झाला गं."

"हात पुढे झाला! उद्या गव्हर्नरच्या बायकोनं पोर पुढे केलं तर तेही घेशील. परत दे तिला."

"घेतलेलं परत देतात? म्हणजे 'येऊ नकोस' असं सांगायचं तिला?"

ओदीलने युकुलेले दुसऱ्या काखेत घेतले. ते खरे होते. कापड परत करणे म्हणजे दार लावून घेणे. ठेवून घेणे म्हणजे दुसऱ्याच्या घराचे दार आपण उघडून दिल्याची बढाई. आणि पाहुणी तर अजून शिडीपाशीच उभी होती, दोघींच्या तोंडांकडे बघत.

"काही चुकलं का माझं?" नोरीनने विचारले.

"तुझं नाही. माझं," लेओंतीन म्हणाली. "मी इथली नाही. मीही पाहुणीच. ज्याला द्यायचं तो चौकात आहे. चल, नेते."

"मग तो हो म्हणेपर्यंत मी कडेकडेनं चालते," नोरीन म्हणाली आणि खरोखरच धक्क्याच्या कठड्याला धरून चालू लागली.

बाकीच्या पाहुण्यांना ओदीलने आपल्याकडे घेतले. "तुला दुपारपर्यंत सवड देते," ती म्हणाली. "जहाज सुटायच्या आत त्या बाईला आत घे. नाहीतर बाहेरच्या बाहेर परत जाईल बिचारी, आणि आमची शोभा होईल. आणि ऐक, बाप्तिस्त खेळात हरत असेल तर थांब जरा. हरताना त्याच्याशी देवही बोलत नाही."

एरवी बाजारापुढून जाताना लेओंतीन काही ना काही दाखवी; आज तिने काही दाखवले नाही. आल्मा रस्त्यावर चिनी कापडवाल्याचे दुकान आले, तशी ती अचानक आत शिरली. भिंतीभर रंगीत मानू लटकत होते. मानू म्हणजे आमचे रीतीचे कापड. तिने एक ओढले, सोडले, दुसरे ओढले.

"कुणासाठी?" दारातूनच नोरीनने विचारले. ती दुकानातही शिरली नव्हती.

"कुणासाठी नाही. असंच."

"असंच घेताना कुणी एवढं बघत नाही, बाई. तो निळा नको, जरा उदास दिसतो. तो पिवळा घे. पिवळ्याला कुणी नाही म्हणत नाही."

दुकानदार अ-फूक संघाच्या सगळ्या बायकांना वर्षानुवर्षे ओळखत होता आणि त्यांना 'तांतीन', म्हणजे मावशी, म्हणे. तो म्हणाला, "तांतीन, लग्नाला की मयताला? मयताला पिवळा चालत नाही हं."

"दोन्हींच्या मधलं काहीतरी," लेओंतीन म्हणाली. पिवळा मानू तिने झोळीच्या तळाशी, पाण्याच्या बाटलीखाली ठेवला. तंबाखूची पुडीही घेतली.

औषधाच्या दुकानापाशी तिचे पाय सवयीने डावीकडे वळले. दोन पावले गेल्यावर ती थांबली, आणि उजवीकडे निघाली.

गुलमोहराखाली खेळ संपत आला होता. बाप्तिस्त बाकावर बसून फडक्याने गोळा पुसत होता. तो जिंकत होता की हरत, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळण्याजोगे नव्हते. लेओंतीन थोड्या अंतरावर उभी राहिली. नोरीन तिच्या मागे, फरसबंदीच्या कडेवर.

"तोंतों," ती म्हणाली. "ही पाहुणी समुद्रापलीकडून आलीय. तिनं रीत केलीय. ती घेऊन आले." आणि कासवांचे कापड तिने पुढे धरले.

बाप्तिस्तने कापडाकडे पाहिले, हात मात्र गोळ्यावरच राहिला. "छान आहे. पण हे माझ्याकडे कोण घेऊन आलंय?"

"मी. लेओंतीन वानापो."

"वानापो लिफूचे ना? मग लिफूचं माणूस माझ्या अंगणात दुसऱ्या पाहुण्याला कसं काय घेऊन येतं? तू कधी आलीस आत? मला तर आठवत नाही."

खेळणाऱ्यांपैकी कोणीतरी हसले. बाप्तिस्तने मान वळवून बघताच ते हसू थांबले.

लेओंतीनची मान खाली होती. आपण नोरीनचे कापड देऊ आणि त्याच ओघात आपलेही निभावून जाईल, अशी आशा तिने झोळीच्या तळाशी पिवळ्या कापडाबरोबर बाळगली होती. आता तिला कळले की क्रम उलटा आहे. ती आत आल्याशिवाय नोरीनला आत घेता येणार नव्हते. तिने पाण्याची बाटली बाजूला केली, मानू काढला, त्यावर तंबाखूची पुडी ठेवली आणि झग्याच्या खिशातली एक नोट घातली.

"तोंतों," ती म्हणाली. "मी जोकिनची. माझ्या आईनं मला इथं पाठवलं तेव्हा तुमच्यासाठी कापड दिलं होतं. ते मी दिलं नाही. मोटारीनं मला दुसऱ्याच दारी उतरवलं. त्या कापडात माझा मुलगा गुंडाळला. तो इथंच वाढला, तुमचं पाणी प्याला. माझा नवरा इथल्याच मातीत आहे. मी तुमचं गाव लोकांना दाखवते, आणि तुम्हाला मात्र कधी तोंड दाखवलं नाही. उशीर झाला. आता तरी येऊ का?"

बाप्तिस्तने गोळा खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि पुढे वाकून पिवळ्या कापडाला हात लावला.

"तू त्या औषधवाल्यापाशी वळतेस," तो म्हणाला, "ते मी इतकी वर्षं बघतोय. आधी वाटलं, तुला गोळ्यांची भीती वाटते. मग वाटलं, हिचं त्या औषधवाल्याशी काहीतरी आहे. बायकोला म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, अरे वेड्या, ती तुझ्याकडे यायला घाबरते. बायको खरं बोलली, हे तिला सांगू नकोस." मग त्याचा स्वर बदलला, आणि तो आपल्या कुळाच्या भाषेत, डोळे जमिनीकडे ठेवून बोलला. ते शब्द लेओंतीनला कळले नाहीत, नोरीनलाही नाहीत. पण ते कशासाठी आहेत ते दोघींनाही कळले. शेवटी तो फ्रेंचमध्ये म्हणाला, "जिथं तू कारंजं दाखवतेस ना, तिथं आमच्या म्हाताऱ्या खेकडे धरायच्या. हेही सांगत जा त्यांना. आता तू आतली, तुला सांगायला हरकत नाही. ये."

मग त्याने नोरीनचे कापड लेओंतीनच्याच हातून घेतले. रीतीला परतफेड लागते. त्याच्याजवळ काही नव्हते. बाकाखाली नातवंडांसाठी आणलेल्या सीताफळांची पिशवी होती. ती त्याने सगळीच्या सगळी नोरीनपुढे धरली. "कासवांना हे आवडतं का माहीत नाही," तो म्हणाला. लेओंतीनने ते इंग्रजीत सांगितल्यावर नोरीन इतकी हसली की टोपी पडली. ती टोपी उचलायला तिने फरसबंदीच्या कडेवरून पाय खाली टाकला, आणि मग अख्खा चौक ओलांडून कारंज्यापर्यंत जाऊन आली. तेवढेच शहर तिने पाहिले. जहाजाचा भोंगा झाला तेव्हा दोघी बाजाराच्या पायरीवर बसून सीताफळाच्या बिया थुंकत होत्या.

पुढच्या जहाजाच्या दिवशी लेओंतीन पुन्हा रांग घेऊन निघाली. बाजार झाला, कैद्यांची गोष्ट झाली, औषधाचे दुकान आले. आणि बोलता बोलता तिचे पाय डावीकडे वळले. मागून सगळी रांगही वळली.

"ए लिफूवाली!" चौकाच्या त्या टोकावरून बाप्तिस्तची आरोळी आली. "आता काय राहिलंय तुझं त्या औषधवाल्याकडे?"

लेओंतीन थांबली. पाहुण्यांना काही कळेना. "चुकले," ती त्यांना इंग्रजीत म्हणाली, हाताने मागचा रस्ता दाखवला, आणि उन्हाने लालेलाल झालेली ती सगळी माणसे आल्या वाटेने परत फिरवून गुलमोहराच्या सावलीत नेली.