चौकशीताई पडद्यावर बोलतात

बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसून चौकशीताईंना अठरा वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांचा चेहरा धड पाहिला नव्हता. खिडकीला जाड काच, काचेवर वेळापत्रकाचे कागद चिकटवलेले, आणि बोलायला म्हणून अगदी खाली बशीएवढं भोक. विचारणाऱ्याला कमरेतून वाकावं लागे. त्यामुळे ताईही गावाला ओळखत त्या डोक्यावरून. कुणाचा भांग कुठे पडतो, कुणाला टक्कल कुठून पडायला लागलंय, कुणी केस काळे करायचा कंटाळा केलाय, हे त्यांना त्या माणसाच्या घरच्यांआधी कळायचं.

आवाज मात्र सगळ्यांना पाठ होता. "बंदराकडे जाणारी दोन वाजून दहा मिनिटांची गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे." शब्द न् शब्द सुटा. घाई नाही, ओढाताण नाही. 'लागली'च्या पुढे किंचित थांबायच्या, जणू गाडी खरंच लागली ना हे मान वळवून पाहून घेतलंय, आणि मग 'आहे'. मागच्या गल्लीतल्या बायका त्या आवाजावर दूध तापत ठेवायच्या. शाळेतली पोरं मास्तरांची पाठ वळली की त्याची नक्कल करायची.

त्या वर्षी गावात सिनेमावाले आले. बडं प्रकरण नव्हतं. पहिलाच सिनेमा करणारा एक दिग्दर्शक, दाढी वाढलेली, झोप राहिलेली. दोन टेम्पो सामान आणि पंधरावीस माणसं. गोष्टही साधी. आईवडिलांच्या माघारी धाकट्या भावाला वाढवणारी एक मोठी बहीण. भाऊ कायमचा परगावी निघतो, ती त्याला गाडीत बसवून देते आणि एकटी घरी परत येते. एवढंच. त्यातला भावाला निरोप द्यायचा प्रसंग बसस्थानकावर होता, म्हणून त्यांनी चार दिवस फलाट तीन अडवला. ताई चार दिवस बंदराची गाडी फलाट पाचवरून सोडत होत्या, आणि लोक सवयीने तीनवर जाऊन सिनेमात उभे राहत होते.

मग टेम्पो गेले, गाव शांत झालं. दोनेक महिन्यांनी एका दुपारी खिडकीखाली एक विस्कटलेलं डोकं वाकलं.

"ताई, मला तुमचा आवाज हवाय."

"कुठे जायचंय?" ताईंनी सवयीने विचारलं.

"कुठेच नाही. आवाज हवाय तुमचा."

"कर्णा बिघडला असेल तर मॅनेजरसाहेबांना भेटा. डावीकडचं दार."

डोकं डावीकडच्या दाराने गेलं आणि पाच मिनिटांनी मॅनेजरसाहेबांना घेऊनच आत आलं. तो दिग्दर्शक होता. त्याची अडचण अशी, की बहिणीचं काम करणारी नटी परभाषेतली होती. चेहरा असा बोलका की बघत राहावं. पण आपली भाषा बोलायला लागली की गरम घास तोंडात फिरवल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या कुणाचा तरी आवाज तिच्या तोंडी घालायचा होता. त्याने चारपाच जणींचे आवाज घेऊन पाहिले.

"सगळ्या बोलायच्या आधीच रडायला बसलेल्या," तो म्हणाला. "आणि स्थानकावर जे जे टिपलं, त्यात मागे तुम्ही. एडिटर मला म्हणाला, ही मागची बाई कोण आहे? मी नटीचं सोडून हिचंच ऐकतोय."

मॅनेजरसाहेबांनी ताईंकडे असं पाहिलं, की जणू हा आवाज त्यांनीच विकत आणून खिडकीत बसवला होता. आठवड्याची रजा त्यांनी तिथल्या तिथे देऊन टाकली.

घरी हा विषय निघाला तेव्हा ताईंचे यजमान डोळ्याला भिंग लावून बसले होते. ते घड्याळं दुरुस्त करायचे; पुढच्या खोलीतच त्यांचं टेबल होतं आणि अख्खं गाव त्यांना घड्याळजी म्हणायचं. दिवसभरात मोजून वीस वाक्यं बोलणारा माणूस. शेजारच्या बिऱ्हाडात ताईंची नणंद राहायची. तिच्याकडे मात्र वाक्यांना तोटा नव्हता.

"म्हणजे दिसणार ती आणि बोलणार तू?" नणंदेने विचारलं. "मग लोकांना कळणार कसं, वहिनी, की तू आहेस म्हणून?"

"नाही कळणार. तेच तर बरंय."

"हे काय बाई. सिनेमात जायचं ते न दिसायला?"

ताईंनी घड्याळजींकडे पाहिलं. त्यांनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

"जा की," ते म्हणाले. "आवाज तर आहेच."

शहरातली ती खोली म्हणजे चारी भिंतींना गाद्या ठोकलेली एक कोंडवाड्यासारखी जागा. समोर पडदा, हातभर अंतरावर माइक. पडद्यावर नटीचे ओठ हलले की त्याच वेळी आपले हलले पाहिजेत. ताईंना वेळेचं काही शिकवावं लागलं नाही. अठरा वर्षं त्यांनी सेकंदाला सेकंद जुळवला होता. पण जे बाहेर पडत होतं ते भलतंच होतं. 'जेवून घे' हे वाक्य त्या असं म्हणाल्या, की जणू जेवण फलाट दोनवर लागलंय. पहिला दिवस वाया गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला, आणि ताईंना आपण या पोराचं वाटोळं करायला आलोय असं वाटायला लागलं.

"मी काय सांगते," त्या शेवटी चाचरत म्हणाल्या. "मला कुणी विचारलं तर मला बोलता येतं. इथे कुणी विचारतच नाहीये. मी कुणाशी बोलू?"

दिग्दर्शकाने क्षणभर विचार केला. मग तो आत आला, माइकच्या पलीकडे एका बुटक्या स्टुलावर बसला आणि खाली मान घालून भावाची वाक्यं वाचायला लागला. ताईंना त्याचं डोकं दिसलं. वेडावाकडा भांग, मागे उभी राहिलेली एक शेंडी, आणि इतक्या लहान वयात कानामागे पिकलेले केस. हा पोरगा वेळेवर जेवत नसणार, त्यांना वाटलं.

"जेवून घे," त्या म्हणाल्या.

काचेपलीकडच्या एडिटरने अंगठा वर केला. त्यानंतर चार दिवसांत सगळं काम उरकलं. निरोपाच्या प्रसंगात बहीण खिडकीतल्या भावाला म्हणते, "जा तू. वळून बघू नकोस. गाडी सुटली की मी पण जाईन घरी." ते एकदाच बोलावं लागलं. बोलून झाल्यावर दिग्दर्शक बराच वेळ स्टुलावरून उठला नाही.

सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो आमच्याच गावात, रविवारी तीनच्या खेळाला. कुणाचं दुकान पडद्यावर दिसणार होतं, कुणाची सायकल, कुणी स्वतः फलाटावर गर्दी म्हणून उभं होतं. सगळे कडक इस्त्रीत आले होते. दिग्दर्शक कडेच्या खुर्चीत, नखं खात. ताई मधोमध, एका बाजूला घड्याळजी, दुसऱ्या बाजूला नणंद. नावांच्या पाट्या लागल्या तेव्हा ताईंचं नाव पापणी लवायच्या आत येऊन गेलं, आणि नेमकी तेव्हाच नणंद पर्समध्ये चष्मा शोधत होती.

नटी पडद्यावर आली. चुलीपाशी वाकली होती, तिने वळून पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, "उठलास का रे?"

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कुणी. "अरे, चौकशीताई," असं मागून ऐकू आलं, आणि ते रांगेरांगेतून पुढे सरकत गेलं. त्यानंतर ती बिचारी नटी काहीही बोलली तरी लोकांना खिडकीच दिसत होती. भावाचा ताप उतरेना म्हणून ती डॉक्टरांना विनवत होती, तरी खुसखुस. लोक दुष्ट नव्हते. त्यांनी तोंडावर हात घेतले, रुमाल कोंबले, पण हसू आवरेना. आणि मग निरोपाचा प्रसंग आला. तोच आपला फलाट तीन. डोळे भरलेली नटी खिडकीशी उभी राहून म्हणाली, "गाडी सुटली की मी पण जाईन घरी."

"कितव्या फलाटावरून?" बाल्कनीतून सलूनवाला ओरडला.

अख्खं थेटर फुटलं. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. पडद्यावर ती बाई एकटीच रडत होती. नणंद मागे वळून कुणाकुणाची नावं घेऊन झापायला लागली, त्याने आणखीच भर पडली. ताईंनी दिग्दर्शकाकडे पाहिलं. तो हसणाऱ्यांकडे बघून ओढूनताणून हसत होता, आणि ते ताईंना बघवलं नाही.

खेळ संपल्यावर सगळे घरी आले. कुलूप काढता काढता ताईंनी विचारलं, "अहो, तुम्हीपण हसलात?"

घड्याळजींना खोटं बोलता यायचं नाही. "हसलो," ते म्हणाले. "फलाटाचं ऐकल्यावर हसलो."

सोमवारी ताईंनी माइकसमोर तोंड उघडलं आणि त्यांना स्वतःचाच आवाज नकोसा झाला. त्यांनी तो बदलला. भरभर, सपाट, खालच्या पट्टीत बोलायला लागल्या. परिणाम असा झाला, की कुणाचं लक्षच जाईना. खाणीच्या गावची गाडी अकरा माणसांना मागे ठेवून निघून गेली. ते अकराजण तिथेच बाकावर बसले होते आणि शपथेवर सांगत होते की कुणी पुकारलंच नाही.

"ताई, घसा बसलाय का?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"तसंच काहीसं," ताई म्हणाल्या.

असे पंधरा दिवस गेले. ताई घरीही गप्प झाल्या. आता त्या घरात दोन माणसं मिळून वीस वाक्यंही होईनात. एका रविवारी सकाळी घड्याळजींनी भिंग डबीत ठेवलं, शर्ट बदलला आणि म्हणाले, "चल."

"कुठे?"

"बंदराला."

तिथे एका जुन्या थेटरात बाराच्या खेळाला तो सिनेमा लागला होता. ताई दारातूनच परत फिरत होत्या, पण घड्याळजींनी तिकिटं काढली होती आणि ते आत जाऊन बसलेही होते. तीसेक माणसं असतील. कुणी भाजीची पिशवी घेऊन, कुणी नुसतंच उन्हातून टेकायला आलेलं. नटी वळून म्हणाली, "उठलास का रे?" आणि ताईंनी अंग चोरून घेतलं.

कुणी हसलं नाही. कुणाला काही वावगं वाटलंच नाही. इथे त्या आवाजाला खिडकी नव्हती. तो त्या बाईचाच होता. हळूहळू ताईंच्याही लक्षातून गेलं की बोलतंय कोण. त्या पुढे वाकून बघायला लागल्या, आणि भावाच्या तापाच्या प्रसंगात त्यांनी स्वतःच 'देवा' म्हणून घड्याळजींचा हात घट्ट धरला. निरोपाच्या वेळी थेटरात पंख्याचा आवाज तेवढा येत होता. पुढच्या रांगेतल्या एका धिप्पाड माणसाने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, डोळ्याला लावला आणि परत काढला.

बाहेर आल्यावर दोघं समोरच्या हॉटेलात चहाला बसले. घड्याळजींनी कप खाली ठेवला.

"त्या दिवशी मी तुझा आवाज ऐकला," ते म्हणाले. "काय म्हणतेयस ते आज ऐकलं."

 ताईंनी बशीतलं बिस्किट त्यांच्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी बंदराची दोन दहाची गाडी फलाट तीनवर लागली तेव्हा ती जुन्या आवाजात लागली. मागच्या गल्लीत दूध वेळेवर तापलं. गावातही एक गंमत झाली. सिनेमा जेमतेम आठवडाभर टिकेल असं थेटरमालक म्हणत होता, तो पाच आठवडे टिकला. एकदा हसून आलेले लोक दुसऱ्यांदा गेले, कारण हसण्याच्या नादात गोष्टच बघायची राहिली होती. दुसऱ्यांदा हसू कमी आलं. तिसऱ्यांदा गेलेल्या बायका डोळे पुसत बाहेर पडताना दिसल्या. सलूनवाला किती वेळा गेला ते त्याने कुणाला सांगितलं नाही. पण एक दिवस खिडकीखाली त्याचं चापून चोपून बसवलेलं डोकं वाकलं.

"खाणीची गाडी कधीये, ताई?"

"चारला. तुम्हाला कशाला हवीय? तुमचं दुकान इथे."

"नाही, सहज." डोकं हललं नाही. "त्या दिवशी मी ओरडलो ते... तोंडातून गेलं."

"असू दे. चांगलं जमलं होतं," ताई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच हसू आलं.

दिग्दर्शकाचं पत्र आलं. त्याला दुसरा सिनेमा मिळाला होता आणि त्यातल्या एका मुख्याध्यापिकेसाठी आवाज हवा होता. ताईंनी रजेचा अर्ज लिहिला.

त्याच आठवड्यात एक परगावची बाई स्थानकावर उतरली, पुढची गाडी पकडायला. हातात दोन पिशव्या. गाडी लागली होती, दार उघडं होतं, ती पायरीकडे निघालीही होती. तेवढ्यात कर्ण्यातून तो पडद्यावरच्या बहिणीचा आवाज आला आणि ती जागच्या जागी थांबली. मान वर करून कर्ण्याकडे बघत राहिली. माणसं तिला वळसा घालून चढली, कंडक्टरने दोनदा हाक मारली, घंटा झाली, गाडी निघून गेली. बाई तशीच उभी, आणि गाल ओले.

ताईंनी काचेवरच्या कागदांच्या फटीतून हे सगळं पाहिलं. अठरा वर्षांत कामाच्या वेळी त्यांनी कधी खुर्ची सोडली नव्हती. त्यांनी माइक बंद केला, डावीकडच्या दाराने बाहेर आल्या आणि त्या बाईच्या हातातली एक पिशवी घेतली.

"तुमची गाडी गेली," त्या म्हणाल्या. "पुढची सव्वाचारला. या, आत बसा तोवर."