एका नंबरावरची तीन माणसं

ती घटना विसरायची म्हटली तरी विसरत नाही, कारण त्या प्रकरणात मी हात उचलला तो चुकीच्या बाईवर.

धारूरच्या बाजूला एका मेंढपाळाच्या अठरा मेंढ्या विष खाऊन मेल्या. खबऱ्याने एका विधवेचं नाव घेतलं. मेंढ्या पिकात शिरल्या म्हणून तिने मेंढपाळाला रस्त्यात शिव्या दिल्या होत्या. साहेबांनी कृषी सेवा केंद्रातून विक्रीची यादी मागवली. विषारी औषध तिच्याच नावावर निघालं. ठाण्यात महिला हवालदार मी एकटी, म्हणून चौकशी माझ्याकडे आली.

दीर तिच्यासोबत आला होता. बाहेर बसून सगळ्यांना चहा पाजत होता, वहिनी लई तापट हाय म्हणत होता. आत तिने औषध विकत घेतल्याचं साफ नाकारलं. मी दोन थोबाडीत दिल्या. ती रडली नाही.

"मारा अजून. पन त्या दुकानाची पायरी चढून मला दोन वर्सं झाली. जाऊन इचारा."

खोटं बोलणारा माणूस तपासता येईल असं काही सांगत नाही. संध्याकाळी तिला घरी सोडलं आणि सकाळी मी दुकान गाठलं.

मालकाने कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम घेतली होती. एकाच मोबाइल नंबरची खाती त्याने एकत्र केली होती. सगळ्यात जुन्या खात्याचं नाव तेवढं राहत होतं. आमच्याकडे बायांना नंबर विचारला की त्या दिराचा नाहीतर पोराचा सांगतात. तिनेही दिराचाच दिला होता. तिचं खातं जुनं, म्हणून दीर, जाऊ आणि ती, तिघांची खरेदी तिच्या नावावर जमा.

औषधाच्या बिलावर घेणाऱ्याची सही असते. मी बिलांचा गठ्ठा सोडायला लावला. त्या बिलावर दिराच्या नावाची सही होती. आदल्या दिवशी नोटिशीवर त्या बाईचा अंगठा मीच घेतला होता.

दिराला सही दाखवली. कापूस मेंढ्यांनी त्याचाही खाल्ला होता. तो एवढंच म्हणाला, "नाव तिचं निघालं, तर मी कशाला बोलू?"

त्याला अटक झाली. मी बाईला सांगितलं, आमची चूक झाली.

"ते झालं. आता मी त्याच घरात जाऊ का?"

तिला नांदूरघाटला भावाकडे पोचवलं. पुढे निवृत्त होईपर्यंत कुठल्याही बाईचा नंबर लिहिताना फोन कुणाच्या खिशात असतो, हे मी आधी विचारलं. तिला मात्र विचारलं नव्हतं.