लाल ओळीतलं नाव

आमच्या कंपनीत काय काय नष्ट होणार आहे याची यादी ठेवणं, हे माझं काम. कंपनी पुण्यात, मी नांदुऱ्यात, सासरच्या घरी वरच्या खोलीत. सुलतानपूरला माहेरी गेले की बाया विचारतात, काय करतं वं पोरी? मी सांगते, कम्प्युटरवर काम आहे. पुढचं सांगायचा कंटाळा येतो.

इथे सांगते. कंपनीचे सर्व्हर, डेटाबेस, माणसांची खाती, सगळं आम्ही फाइलींत लिहून ठेवतो. फाइलीत कोणी बदल केला की सॉफ्टवेअर लगेच हात घालत नाही. आधी यादी दाखवतं. नवीन येणार ते हिरव्या ओळीत, जाणार ते लाल ओळीत. माणसाने हो म्हटलं की करून मोकळं. लोक हिरवं तेवढं वाचतात. एकदा एका शहाण्याने चाचणीचा समजून चालू डेटाबेस पुसला, तेव्हापासून लाल ओळी माझ्या गळ्यात पडल्या. मी तक्ता ठेवते. काय जातंय, कोणी सांगितलं, का, परत आणता येईल का. शेवटच्या रकान्यात बहुतेक वेळा 'नाही' लिहावं लागतं.

नियमही माझाच. लाल ओळी बारा वाजता सगळ्यांना पाठवायच्या. चारपर्यंत कोणी 'थांबा' लिहिलं तर थांबायचं, नाहीतर संमती धरायची. असं केलं नाही तर ही माणसं महिना महिना उत्तर देत नाहीत. नियमाचं फार कौतुक झालं होतं. आता वाटतं, जळो ते कौतुक.

या सॉफ्टवेअरची एक खोड आहे. त्याला नाव बदलणं समजत नाही. फाइलीत नुसतं नाव बदललं तर ते धरून चालतं, की जुनं गेलं आणि नवं कोणीतरी आलं. मग जुनं पुसतं, त्याच्यासोबत त्याचं सगळं पुसतं, आणि नवं कोरं उभं करतं. ते टाळायला एक वेगळी ओळ लिहावी लागते: हे तेच आहे, फक्त नाव बदललंय. ही ओळ राहिली म्हणून मी कित्येकांना झापलंय.

मंगळवारी बाराच्या यादीत लाल ओळ एक, हिरवी ओळ एक. लाल ओळीत माझं माहेरचं नाव होतं. हिरवीत सासरचं. मधली, 'हे तेच आहे' ही ओळ नव्हती.

दोष कोणाला देऊ? लग्नात ताटातल्या तांदळात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं. मला विचारलं होतं की. "आवडलं ना?" असं विचारलं होतं, शंभर माणसांत. वर्षभर ते घरापुरतंच होतं. मग मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, मोठ्या सुनेच्या कागदांवर दोन दोन नावं राहिली, तिचा पासपोर्ट अडकला, तुझं एकदाच काय ते करून टाकू. माणूस चांगला आहे, स्वतः फेऱ्या मारल्या. गॅझेट झालं, आधार झालं, पॅन झालं. शेवटी ऑफिस राहिलं. तो अर्जही मीच भरला. पुण्याच्या ऑफिसातल्या माझ्या जोडीदारणीने फाइलीत नाव बदललं आणि यादी माझ्याकडे धाडली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्या जुन्या खात्यात माझी आठ वर्षं होती. काय उभं केलं, कुठे लोकांना वाचवलं, सगळ्यापुढे तेच नाव. शुक्रवारी टीम लीडच्या जागेसाठी माझी मुलाखत होती. घेणारे मुख्य ऑफिसचे, दुसऱ्या शहरातले, त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही. ते स्क्रीनवर जे दिसतं तेच धरतात. खातं पुसलं की मी कालची पोरगी.

मला फक्त 'थांबा' लिहायचं होतं. मी जेवले. भांडी घासली. साडेतीनला चहा टाकला आणि सासूबाईंपाशी ओट्यावर जाऊन बसले. त्या बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा मोडत होत्या.

"आत्याबाई, तुमचं माहेरचं नाव काय होतं?"

"काऊन वं? कोनं इचारलं?"

"मीच इचारून राह्यली."

"आता त्याचं काय लोनचं घालतं?" त्या बराच वेळ शेंगा मोडत राहिल्या. मग नाव सांगितलं, हळूच, कोणी ऐकू नये अशा बेताने. सुंदर नाव होतं. मी या घरात तीन वर्षं आहे, एकदाही ऐकलं नव्हतं.

"तुमच्या लेकाले माहीत आहे?"

"त्याले काऊन माहीत राहीन? त्यानं कधी इचारलं काय? माहा भाऊ हाक मारे त्या नावानं. तो गेला, मंग खलास."

"वाईट नाही वाटत?"

"पहिले वाटे. मंग वाटनंच बंद झालं." आणि मला म्हणाल्या, "चहा निवून राह्यला तुहा."

मोबाइल हातातच होता. चाराला सात मिनिटं कमी. मी यादी उघडली, स्वतःचं नाव दोनदा वाचलं. दोन सेकंदांचं काम होतं. का लिहिलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळ विचारलंय. राग आला नव्हता, रडू येत नव्हतं. आत हात घालून पाहावं तर काही हाताला लागत नव्हतं, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. चार वाजले. मी शेंगा मोडायला घेतल्या.

सव्वाचारला वर गेले तर काम झालेलं होतं. आलं एक, गेलं एक. आठ वर्षांच्या प्रत्येक नोंदीपुढे आता 'हटवलेला वापरकर्ता' असं दिसत होतं. मी तक्त्यात ओळ भरली. परत आणता येईल का: नाही.

पुण्याहून फोन आला. जोडीदारीण घाबरलेली. "अगं, ते सगळंच गेलं! तू काही बोलली नाहीस, म्हणून मी चालवलं गं."

"हो," मी म्हटलं, "मी काही बोलले नाही."

ती म्हणाली, शुक्रवारी त्यांना समजावून सांग, ते ऐकतील. मी हो म्हटलं. समजावता आलंही असतं. दोन मिनिटांत समजेल अशी गोष्ट आहे, आता तुम्हाला समजलीच ना?

शुक्रवारी मुलाखत घेणारे तिघे होते. मधले सज्जन, नम्र. त्यांनी स्क्रीनवर माझं नवं नाव शोधलं, खाली सरकवायला गेले तर खाली काहीच नव्हतं. मग हसून विचारलं, "मॅडम, आमच्याकडे तुम्ही कधीपासून आहात?"

मी म्हटलं, "मंगळवारपासून."

त्यांनी ते लिहून घेतलं.