रुखमाबाईची पात

धानाची रोवणी करावी ती एकोडीच्या रुखमाबाईनं! एकदा वाकली की हातातली जुडी संपेस्तोवर मान वर नाही. आणि आपली पात, म्हणजे वाट्याची ओळ, संपली म्हणून बांधावर जाऊन बसायचं नाही, मागं राहिलेल्या बाईची पात धरायची. तिथली रीतच ती. पण याच रीतीपायी तिचं बीए बुडता बुडता वाचलं, ऐका.

इतिहासाचा एकच पेपर राहिला होता तिचा, छत्तीस वर्षं. पेपरच्या दिवशीच लग्न लागलं होतं ना! आता नागपूरच्या त्या जुन्या विद्यापीठाला शंभर वर्षं झाली आणि त्या आनंदात जुन्या नापासांना एक संधी मिळाली. एकच, पुन्हा नाही. नवरा इश्वर म्हणाला, "या वयात पेपर? लोकं हासतीन."

"हासू द्या. तुमच्या लग्नानं माहा पेपर खाल्ला, आता मुकाट्यानं डबा बांधा," म्हणत ती पहाटेच्या एसटीत चढलीसुद्धा.

प्रश्नपत्रिका पाहून तिला तिथंच नाचावंसं वाटलं. 'शहरातील विद्यापीठाने समाजात कोणते बदल घडवले?' घ्या! खेड्यापाड्यांतली कॉलेजं त्याला कशी जोडली गेली, गावाला मास्तरणी, नर्सा, तलाठी कुठून मिळाले, सगळं भराभर लिहून काढलं. अर्धा तास उरला. पाहते तर बाजूला यंदाच बीएला बसलेली शहापूरची एक पोरगी, डिंपल, पेन चावत, डोळ्यांत पाणी. पोरीची पात मागं राहिली की! रुखमाबाईचे हात शिवशिवले.

"काहून रडून राहिली वं? तुह्या घरातून कॉलेजात पयली कोण आली?"

"मीच."

"मंग तेच लिह ना!"

"बाई!" पर्यवेक्षक कैलाश सर समोरच उभे. पेपर हातातून गेला. छत्तीस वर्षं पाण्यात गेली रे बाप्पा!

"कॉपी सांगता?"

"कॉपी कशी, साहेब? माहं कुठं सांगतलं? तिले तिचंच सांगतलं. रोवणीत पात मागं राहिली तं धरा लागते ना."

सरांनी ओठ दाबून पाहिले, पण हसू काही आवरलं नाही. "इथं ज्याची पात त्यानंच रोवायची, मावशी," म्हणत त्यांनी तिला दारापाशी एकटीला बसवलं आणि पेपर परत दिला.

बेचाळीस मार्क! पास! एकोडीभर पेढे वाटले आणि इश्वर तर दिसेल त्याला "माही बीए बायको" सांगत सुटला.

त्या साली रोवणीला ती वाकलीच नाही म्हणा ना. चिखलात उभी राहून हातवारे करत पेपरची गोष्टच सांगत बसली. बाया ओरडल्या, "बीएबाई, पात मागं राहिली!"

तेवढ्यात बांधावर चपला काढून, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून एक पोरगी बांधीतल्या चिखलात उतरली. डिंपल! पास झाल्याचं सांगायला, पत्ता विचारत विचारत शहापूरहून आली होती. आल्या आल्या तिनं रुखमाबाईची पात धरली आणि सगळं धान वाकडंतिकडं रोवून ठेवलं.

रुखमाबाईनं त्यातलं एकही रोप सरळ केलं नाही.